रातकिडा : नाम, नाद आणि जीवनक्रम

१

लोकभाषेत एखाद्या प्राण्याला मिळालेले नाव हे त्या प्राण्याविषयीच्या पहिल्या निरीक्षणाचे टिपण असते. ते निरीक्षण कोणत्या इंद्रियाने झाले, केव्हा झाले आणि कोठवर पोचले, ह्याचा अंदाज नावाच्या घडणीवरून बांधता येतो. यास्काचार्यांनी निरुक्तात ‘काक’ ह्या नावाची उपपत्ती देताना ते शब्दानुकृती होय असे म्हटले, आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळ आढळते, हेही नमूद केले. शब्दानुकृती मुळी नसतेच, हे औपमन्यवाचे विरुद्ध मतही त्यांनी तेथेच नोंदविले आहे. हा वाद पक्ष्यांच्या नावांवरून झाला. पण कीटकसृष्टीत त्याची परीक्षा पाहावयाची झाल्यास रातकिड्याइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण. हा कीटक माणसाला आधी ऐकू येतो आणि दिसतो तो क्वचितच.

पिंपरीतील संत तुकाराम नगरासारख्या वस्तीतही हे अनुभवास येते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या अंगाला, कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या ह्या भागात पावसाळा सुरू झाला की भिंतींच्या पायथ्याशी, पाण्याच्या वाहत्या नळाजवळ, रिकाम्या भूखंडावरील गवतात हा नाद रात्री उमटू लागतो. ऐकणारा त्याला ‘रातकिडा’ म्हणतो आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते. प्रस्तुत लेखाचा विषय हे नाव आणि ज्याला ते लावले जाते तो कीटक ह्यांच्यातील अंतर हा आहे. ‘रातकिडा’ हे नाव ह्या कीटकाच्या आयुष्यातील एका अवस्थेलाच लागू पडते; उरलेले आयुष्य ह्या नावात बसत नाही. ते उरलेले आयुष्य ज्ञात होण्यास अडीचशे वर्षे लागली. आणि ते ज्ञात होत असतानाच, ज्या ‘राती’वर नावाचा पूर्वार्ध उभा आहे ती रातही औद्योगिक वस्तीत पूर्वीसारखी राहिलेली नाही.

२

संस्कृत वाङ्मयात ह्या कीटकाची नावे विपुल आहेत. अमरकोशाच्या सिंहादिवर्गात भृङ्गारी, झीरुका, चीरी आणि झिल्लिका अशी चार नावे समानार्थक म्हणून एकत्र दिली आहेत. ह्यांपैकी शेवटची तीन नावे तोंडाने उच्चारून पाहिली असता त्यांचा नादाशी असलेला संबंध सहज ध्यानात येतो. आरंभी तालव्य ‘च’ किंवा ‘झ’, त्यास जोडून ‘इ’ अथवा ‘ई’ हा उंच स्वर आणि पुढे ‘र’ किंवा ‘ल’ हे द्रव व्यंजन, अशी त्यांची समान बांधणी आहे. उंच पट्टीचा, थरथरता, न थांबणारा आवाज उच्चारण्यासाठी वर्णमालेत ह्याहून अधिक अनुरूप सामग्री नाही. हिंदीतील ‘झींगुर’ आणि बंगालीतील ‘झिंझिं पोका’ ही नावे त्याच जातकुळीची आहेत.

मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीचे फळ म्हणून कोणता जन्म मिळतो ह्याची एक यादी आहे. तीत मीठ चोरणाऱ्यास ‘चीरीवाक’ होण्याचे फळ सांगितले आहे. ‘चीरी’ ही ज्याची वाणी तो चीरीवाक. ह्या शब्दाच्या उत्तरपदात कीटकाला ‘वाक्’ दिलेली आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा विचार पुढे करावा लागेल. महाभारतातील नलोपाख्यानात नलाने टाकून दिलेली दमयंती ज्या भयाण अरण्यात शिरते, त्याचे वर्णन करताना झिल्लिकांच्या नादाचाच आधार घेतला आहे. तेथे हा नाद निर्मनुष्यतेची खूण म्हणून आला आहे. माणसांचा आवाज संपला म्हणजे जो ऐकू येतो, तो हा.

मराठीने मात्र वेगळी वाट धरली. ‘रातकिडा’ ह्या सामासिक शब्दात नादाचा मागमूस नाही. पूर्वपद काळ सांगते, उत्तरपद कीटकाचा सामान्य वर्ग सांगते. शेजारच्या भाषांनी कीटकाला त्याच्या आवाजाचे नाव दिले असता मराठीने त्याला त्याच्या वेळेचे नाव दिले. तथापि आवाज मराठीतून नाहीसा झाला असे नाही. तो ‘किर्र’ ह्या ध्वन्यनुकारी शब्दात राहिला, आणि त्या शब्दाचा पुढील प्रवास मोठा मननीय आहे. मराठीत रातकिडे किर्र करतात. पण रानही किर्र असते, काळोखही किर्र असतो आणि रात्रही किर्र असते. ‘किर्र काळोख’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कीटक असतोच असे नाही. गाढ, दाट, भेदता न येणारा अंधार एवढाच अर्थ तेथे उरतो. म्हणजे कीटकाने रात्रीचे नाव घेतले आणि रात्रीने कीटकाचा आवाज घेतला. श्रवणेंद्रियाचा शब्द दृष्टीच्या अभावाचे विशेषण झाला. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात एका संवेदनेवरून दुसऱ्या संवेदनेवर होणाऱ्या संक्रमणाची उदाहरणे दिली जातात. त्यांत ह्याची गणना अवश्य व्हावी.

ह्या सर्व नावांत एक मर्यादा समान आहे. अमरकोशातील नावे काय किंवा मराठीतील नाव काय, त्यांत जातीजातींमधील भेद आलेला नाही. रात्री गाणारे ते सर्व एकच, ही ह्या नामकरणामागची धारणा आहे. हा भेद प्रथम डोळ्यांनी केला गेला आणि पुढे पुन्हा कानांनी.

३

१७५८ साली लिनीअस ह्याने आपल्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत युरोपातील मैदानी रातकिड्याची नोंद केली, ‘ग्रिलस कॅम्पेस्ट्रिस’ हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७७३ साली, स्वीडनमधीलच चार्ल्स डी गीर ह्या कीटकशास्त्रज्ञाने ‘ग्रिलस बायमॅक्युलेटस’ ह्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘बायमॅक्युलेटस’ म्हणजे दोन ठिपक्यांचा. काळा कुळकुळीत देह आणि पुढील दोन पंखांच्या मुळाशी एकेक फिकट पिवळा ठिपका, हे ह्या जातीचे ओळखचिन्ह होय. ती आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आशियाचा मोठा भाग एवढ्या विस्तृत प्रदेशात आढळते. भारतही त्या प्रदेशात मोडतो. जगातील प्रयोगशाळांत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या रातकिड्यांपैकी ती एक असल्यामुळे येथील विवेचन मुख्यतः तिच्या आधारे केले आहे.

लोकांनी कानाने दिलेले नाव आणि शास्त्राने डोळ्याने दिलेले नाव ह्यांतील विरोध येथे स्पष्ट होतो. टाचणीने टोचून ठेवलेला कीटक गात नाही. त्यामुळे संग्रहालयातील वर्गीकरणाला ठिपके, पंखांची लांबी, डोक्याची रुंदी अशा खुणांवर भागवावे लागले. ह्या पद्धतीची परिसीमा १९१५ साली गाठली गेली. त्या वर्षी रेन आणि हेबर्ड ह्या अमेरिकन अभ्यासकांनी संपूर्ण नव्या जगातील मैदानी रातकिडे परस्परांत इतके मिसळलेले आहेत की त्यांना एकच जात मानावे, असा निर्णय दिला. हा निर्णय जवळजवळ चार दशके टिकला. १९५२ साली बी. बी. फुल्टन ह्याने उत्तर कॅरोलायनातील रातकिडे राहण्याची जागा, प्रौढ होण्याचा ऋतू आणि गाण्याची धाटणी ह्यांवरून निरनिराळे पडतात, हे दाखविले. १९५७ साली रिचर्ड अलेक्झांडर ह्याने त्याच दिशेने जाऊन पूर्व अमेरिकेतील मैदानी रातकिड्यांचे नवे वर्गीकरण मांडले. डोळ्याला एक दिसणारी जात कानाला अनेक ऐकू आली.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्या घटनेत ओळखीचे काही आढळेल. दोन ध्वनींमध्ये भौतिक अंतर किती आहे ह्यापेक्षा त्या अंतराने ऐकणाऱ्याला काही भेद कळतो की नाही, ह्यावर स्वनिमाचा निर्णय होतो. रातकिड्यांच्या बाबतीत ऐकणारी म्हणजे मादी. शास्त्रज्ञांनी जातींमधील सीमा आखली ती अखेरीस मादी ज्या सीमेवर आपला निर्णय करते तीच होय.

४

हा नाद तोंडातून निघत नाही. नराच्या पुढील पंखाच्या खालच्या बाजूस एका शिरेवर बारीक दात्यांची रांग असते आणि दुसऱ्या पंखाच्या कडेला एक कठीण धार असते. मैदानी रातकिड्यांत सामान्यतः उजवा पंख डाव्यावर असतो. उजव्याच्या दात्यांवरून डाव्याची धार घासली गेली की पंखांचा पातळ पापुद्रा कंप पावतो. पंख मिटताना आवाज होतो, उघडताना होत नाही. त्यामुळे प्रत्येक मिटण्याचा एक लघुनाद, अशा साधारण तीन ते पाच लघुनादांचा एक गट, मग अल्प विराम, आणि सेकंदाला असे दोन ते चार गट, ही दोन ठिपक्यांच्या रातकिड्याच्या आवाहनगीताची रचना आहे. त्याची पट्टी सेकंदाला सुमारे ४,५०० ते ५,००० कंपनांची असते. ऐकण्याचे इंद्रिय पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असते.

नराची गीते तीन प्रकारची आहेत. दूरच्या मादीसाठी आवाहनगीत, जवळ आलेल्या मादीसाठी मंद असे प्रियाराधनाचे गीत आणि प्रतिस्पर्धी नरासमोर कलहगीत. आवाहनगीत हे खरोखरच आवाहन आहे, ह्याचा निर्णायक पुरावा १९१३ साली योहान रेगेन ह्याने दिला. त्याने दूरध्वनियंत्राच्या एका टोकाशी गाणारा नर ठेवला आणि दुसऱ्या टोकाच्या श्रवणयंत्रातून तो आवाज मादीला ऐकविला. नर दिसत नसता, त्याचा गंध येत नसता मादी श्रवणयंत्राकडे चालत गेली. केवळ नाद पुरेसा आहे, हे त्या एका प्रयोगाने सिद्ध झाले.

नादातील नेमके काय पुरेसे आहे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर लयीत सापडले. पट्टी अनेक जातींत जवळपास सारखी असते. लघुनाद आणि विराम ह्यांचे कालमान भिन्न असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्टीफन शोनाइख, कॉन्स्टँटिनोस कोस्टाराकोस आणि बर्थोल्ड हेडविग ह्यांनी दोन ठिपक्यांच्या मादीच्या मेंदूत हे कालमान ओळखणारे केवळ पाच चेतापेशींचे जाळे दाखवून दिले. एका लघुनादाचा संदेश थोडा विलंबित होऊन दुसऱ्या लघुनादाच्या थेट संदेशाशी जुळला, तरच ओळख पटते. मधला विराम चुकला तर दोन संदेश जुळत नाहीत. म्हणजे येथे अर्थ वाहण्याचे काम नादाइतकेच विरामाने केले आहे. नराच्या बाजूनेही अशीच काटकसर आढळते. गाणाऱ्याचे कान स्वतःच्याच आवाजाने बधिर होऊ नयेत म्हणून त्याच्या मज्जासंस्थेतील एक चेतापेशी प्रत्येक लघुनादाच्या क्षणी श्रवणमार्ग दाबून धरते, हे जेम्स पूलेट आणि हेडविग ह्यांनी २००६ साली ह्याच जातीत दाखविले.

मग चीरीवाकाला वाक् आहे काय? येथे मनुस्मृतीच्या शब्दाला मर्यादा घालावी लागते. नर हे गीत कोणाकडून शिकत नाही. १९७२ साली डेव्हिड बेंटली आणि रॉनल्ड हॉय ह्यांनी ‘टेलिओग्रिलस’ ह्या वंशातील दोन जातींच्या संकरातून जन्मलेल्या नरांचे गीत तपासले. ते मातापित्यांच्या गीतांच्या मधल्या रचनेचे निघाले. १९७७ साली हॉय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की संकरज मादीला संकरज नराचेच गीत अधिक रुचते. गाणे आणि गाण्याची ओळख, दोन्ही वारशाने येतात. मानवी भाषा प्रत्येक पिढीत नव्याने शिकावी लागते, म्हणूनच तिला इतिहास असतो आणि बोली फुटतात. रातकिड्याच्या गीताला खूण म्हणता येईल, संकेत म्हणता येईल. पण ज्यात नवे वाक्य रचता येत नाही त्याला वाणी म्हणता येत नाही. त्याचे गीत उष्णतेनुसार जलद किंवा मंद होते. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक एमॉस डॉलबेअर ह्याने १८९७ साली किरकिरण्याच्या गतीवरून तापमान काढण्याचे सूत्रच मांडले. बदल होतो तो हवेमुळे, गायकाच्या इच्छेने नव्हे.

५

आतापर्यंतचे विवेचन केवळ प्रौढ नराविषयीचे झाले. ह्या कीटकाचे उरलेले आयुष्य शांततेत जाते.

मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा लांब अंडनिक्षेपक असतो. तो ओलसर मातीत खुपसून ती एकेक अंडे ठेवते. आयुष्यभरात तिची अंडी शेकड्यांनी मोजावी लागतात. कोरड्या मातीत अंडी तगत नाहीत. उबदार हवेत सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. ती प्रौढांसारखीच दिसतात, पण त्यांना पंख नसतात. फुलपाखराप्रमाणे कोशावस्था ह्या कीटकात नाही. साधारण आठ-नऊ वेळा कात टाकून, अनुकूल उष्णतेत दीड-दोन महिन्यांत ते पूर्णावस्थेला पोचतात, आणि त्यानंतर काही आठवडे जगतात. युरोपातील मैदानी रातकिड्याला वर्षात एकच पिढी पुरते. तो हिवाळा पिल्लाच्या अवस्थेत बिळात काढतो आणि वसंताच्या अखेरीस गातो. दोन ठिपक्यांच्या जातीत अशी दीर्घ सुप्तावस्था नाही. ऊब आणि ओल मिळेल तेथे एका पिढीमागून दुसरी पिढी येते. मातीतील भेगा, दगडांखालच्या सांदी, गवताची मुळे आणि पिकातील पालापाचोळा हे तिचे निवासस्थान. अन्नाच्या बाबतीत ती निवड करीत नाही; कोवळी रोपे, कुजणारा पाला, मेलेले किडे, सर्व तिला चालते. बेडूक, पाली, पक्षी हे तिचे शत्रू.

नावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध १९८२ सालचा आहे. जपानमधील केंजी तोमिओका आणि योशिहिको चिबा ह्यांनी ह्या जातीच्या दैनंदिन हालचालींची नोंद पिल्लाच्या अवस्थेपासून केली. पिल्ले दिवसा अधिक हिंडतात, असे त्यांना आढळले. शेवटची कात टाकल्यावर काही दिवसांतच हा क्रम उलटतो आणि प्रौढ कीटक रात्री हिंडू लागतो. नराचे गाणेही ह्याच सुमारास सुरू होते. म्हणजे ज्याला मराठी ‘रातकिडा’ म्हणते तो आयुष्याच्या मोठ्या भागात दिवसकिडा असतो, आणि तेव्हा तो मुका असतो. मादी तर जन्मभर मुकीच. नावाने पकडले ते एवढेच : पूर्णावस्थेतील नर, रात्रीच्या वेळी, गाताना. नाव खोटे नाही. ते एका क्षणाचे नाव आहे. कानाला जेवढे कळू शकत होते तेवढे त्याने अचूक टिपले.

६

आता ह्या नावातील रातीकडे वळावयाचे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली झाली. संत तुकाराम नगरात आज यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, शेजारी वल्लभनगरचे एस. टी. आगार आहे, आणि मार्च २०२२ पासून मेट्रोचे स्थानकही आहे. ह्यांतील प्रत्येक संस्था रात्री जागी असते, आणि तिला जागे असावेच लागते. पण तिच्याबरोबर दिवे जागे असतात, रहदारी जागी असते, आणि अंडी घालण्याजोगी उघडी माती फरशी व डांबराखाली जाते.

ह्या बदलांचा परिणाम ह्याच जातीवर प्रयोगशाळेत तपासला गेला आहे. २०२१ साली तेल अवीव विद्यापीठातील केरेन लेव्ही, अमीर आयाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून रात्रीच्या कृत्रिम प्रकाशात वाढविलेल्या दोन ठिपक्यांच्या रातकिड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मंद प्रकाशातसुद्धा अनेक नरांचे गाणे दिवसरात्रीच्या चक्रापासून सुटले. ते आपल्याच अंतर्गत घड्याळावर, दररोज थोडे सरकत, गाऊ लागले. सतत उजेडात काहींची लय पूर्णच विस्कळित झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधील अॅडम बेंट, टॉमस इंग्ज आणि सोफी मोल्स ह्यांनी रहदारीच्या आवाजात मादीची निवड तपासली. शांततेत मादी चांगल्या प्रतीचे प्रियाराधन ऐकून नराला लवकर स्वीकारत असे. रहदारीच्या आवाजात चांगल्या आणि सामान्य गीतांतील हा भेद तिच्या वर्तनातून नाहीसा झाला. रहदारीच्या आवाजाचा मुख्य भार रातकिड्याच्या पट्टीहून पुष्कळ खाली असतो. तरीही हा परिणाम झाला, ह्याचा अर्थ गोंगाट केवळ नाद झाकतो असे नसून ऐकणाऱ्याचे लक्षही विचलित करतो, असा घेता येतो.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष वस्तीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु अभ्यासाची दिशा त्यांनी निश्चित केली आहे. भारतात बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन् आणि नताशा म्हात्रे ह्यांनी ‘प्लेबिओग्रिलस गट्टिव्हेंट्रिस’ ह्या मैदानी रातकिड्याचे नर परस्परांपासून किती अंतरावर गातात आणि मादी नादाच्या दिशेने कशी चालते, ह्याचे काटेकोर मापन केले आहे. संत तुकाराम नगर, खराळवाडी, नेहरूनगर, भोसरी ह्या सलग भागांत दिव्याखालच्या आणि अंधाऱ्या जागांची ध्वनिमुद्रणे एकाच रात्री घेतली, तर कोणते गीत कोठे आणि किती वाजता उमटते हे पडताळता येईल. त्याच भागांतील जुन्या गावठाणांत शेतकरी कुटुंबांकडून ह्या कीटकाची नावे, आणि ‘किर्र’ शब्दाचे प्रयोग, जमवून घेणे हे त्याचेच दुसरे अंग होय. पहिले काम प्राणिशास्त्राचे, दुसरे भाषाशास्त्राचे. पण दोन्हींचा विषय एक आहे.

कारण मराठी शब्दाची ही घडण एका परिस्थितीवर अवलंबून होती. रात्र काळोखी होती, काळोखात माणसाचा आवाज थांबत होता, आणि त्या जागी हा नाद येत होता. म्हणून कीटकाला रात्रीचे नाव मिळाले आणि काळोखाला ‘किर्र’ हे विशेषण मिळाले. ज्या वस्तीत काळोख उरत नाही तेथील मुले दोन्ही शब्द पुस्तकातून शिकतील, आणि ‘किर्र’ हा त्यांना केवळ ‘फार’ ह्या अर्थाचा शब्द वाटू लागेल. शब्द टिकेल, त्याचा आधार सुटेल. अशा आधार सुटलेल्या शब्दांची भाषेच्या इतिहासात वाण नाही. त्यांचा मूळ संबंध नंतर अनुमानाने शोधावा लागतो. ह्या शब्दाच्या बाबतीत अनुमानाची गरज अद्याप पडलेली नाही, कारण नाद अजून ऐकू येतो. नोंद करण्याची वेळ हीच आहे.